पांढऱ्या गडांची नावं

पूर्व युरोपात पांढऱ्या गडांचा सुकाळ आहे. सर्बियाची राजधानी बेओग्राद, म्हणजे आपल्या नकाशावरचं बेलग्रेड, हा एक. रशियात खार्किवच्या उत्तरेला सीमेलगत बेल्गोरोद. युक्रेनमध्ये द्नीस्तर नदीच्या मुखाशी बिल्होरोद, क्रोएशियात झादरजवळ समुद्रकाठी बिओग्राद, उत्तर पोलंडात ब्यावोगार्द. बेओग्रादलाच चेक माणूस ब्येलेह्राद म्हणतो. अर्थ सगळ्यांचा तोच, पांढरा गड. स्लाव भाषांच्या पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन शाखांचा तक्ता पाठ करण्याआधी ही नावं दोनचारदा मोठ्यानं म्हणावीत. तक्त्यात जे दिसतं ते इथं ऐकू येतंच, शिवाय तक्ता जे लपवतो तेही ऐकू येतं.

आधी गड घेऊ. मूळ स्लाव भाषेत हा शब्द साधारण ‘गोर्दु’ असा होता. शेवटचा उ अगदी ओझरता, जेमतेम कानावर पडणारा. अर्थ कुंपण घातलेली, तटबंदीची जागा. याचं संस्कृतातलं भावंड ‘गृह’, म्हणजे पर्यायानं आपलं ‘घर’. (‘गड’ हाच तो शब्द असावा असा मोह होतो. तो आवरावा, ध्वनिनियमात बसतं ते घरच.)

आता अडचण अशी, की त्या काळच्या स्लाव बोलीला व्यंजनानं बंद होणारं अक्षर चालेनासं झालं होतं. प्रत्येक अक्षर स्वरावर संपलं पाहिजे असा दंडक. ‘गोर्-दु’मधलं ‘गोर्’ त्यात अडकलं. मग ज्यानं त्यानं आपापल्या परीनं वाट काढली. पूर्वेकडच्यांनी र्‌च्या पुढे आणखी एक ओ घातला: गो-रो-दु. दक्षिणेकडच्यांनी र् आणि स्वराची अदलाबदल केली आणि स्वर लांबवला: ग्रा-दु. पोलिश बोलणाऱ्यांनी अदलाबदल केली, पण स्वर ओच ठेवला: ग्रो-दु. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियन बोलींनी मात्र बऱ्याच ठिकाणी जुना क्रम तसाच राहू दिला, म्हणून पोलंडात असूनही ते गाव ब्यावोगार्द, आणि श्चेचिनजवळचं ‘जुना गड’ हे स्तारगार्द.

नुकसानाचं नुस्कान करणाऱ्या आपल्या जिभेला यात नवल वाटायला नको. वेगळेपण इतकंच, की तिथं हा वर्णविपर्यय एखाद्या शब्दापुरता राहिला नाही. त्या साच्यातला शब्द, मग त्यात र् असो वा ल्, सहसा सुटला नाही. दूध रशियनमध्ये मोलोको, सर्बियनमध्ये म्लेको. दाढी रशियनमध्ये बोरोदा, पोलिशमध्ये ब्रोदा, सर्बियनमध्ये ब्रादा.

हे कधी घडलं याचा एक सुरेख पुरावा आहे. फ्रँकांचा सम्राट कार्ल, म्हणजे शार्लमेन, ८१४ साली वारला. त्याचं नाव स्लाव भाषांनी ‘राजा’ या अर्थानं उचललं, आणि तेही याच गिरणीतून निघालं: रशियन कोरोल, पोलिश क्रुल, चेक क्राल. म्हणजे त्याचं नाव या लोकांच्या तोंडी आलं तेव्हा गिरणी चालूच होती. पुढे ८७८ साली पोप आठवे जॉन यांच्या लॅटिन पत्रात बेओग्रादच्या धर्मपीठाचा उल्लेख येतो, त्यात ‘ग्राद’ तयार झालेला दिसतो.

यातली खरी गंमत पुढची आहे. दहाव्या ते बाराव्या शतकांत शेवटचा तो ओझरता उ गळून पडला. ग्रादुचं ग्राद झालं, गोरोदुचं गोरोद. शब्द पुन्हा व्यंजनावर संपायला लागले. ज्या दंडकापायी एवढी उलथापालथ केली तो दंडकच गेला, आणि उलथापालथ तेवढी कायम राहिली. रशियन छपाईत त्या मुक्या उचं अक्षर शब्दाच्या शेवटी मानानं बसवलं जात होतं. १९१८ च्या लेखनसुधारणेत ते तिथून हटवलं. पानंच्या पानं कागद त्या न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरानं खाल्ला असेल.

आता पांढरा. इथं मुळात एक दीर्घ ए होता, ज्याला भाषाशास्त्रज्ञ ‘यात’ म्हणतात. रशियनमध्ये त्याचा ए झाला, युक्रेनियनमध्ये इ, म्हणून बेल आणि बिल. पोलिशमध्ये पुढचं व्यंजन दंत्य असेल आणि त्याला य्‌चा रंग चढलेला नसेल तर या, एरवी ये. बल्गेरियनमध्येही जवळपास तोच प्रकार: पांढरा एक असेल तर ब्याल, अनेक असतील तर बेली. सर्बियननं वेगळीच खोड काढली. अक्षराच्या शेवटी येणाऱ्या ल्‌चा तिनं ओ केला, म्हणून बेल्‌चं बेओ. स्त्रीलिंगी रूपात ल्‌च्या पुढे स्वर येतो, तिथं तो वाचला: बेओ ग्राद, पण बेला कूचा, म्हणजे पांढरं घर. बाकी युरोपानं हा बदल होण्याआधीचं रूप उचललं, म्हणून आपल्याकडेही बेलग्रेडमध्ये ल शिल्लक आहे.

राहिला ग आणि ह. युक्रेनियन, बेलारूसी, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीतल्या बाउत्सेनभोवतीची अप्पर सोर्बियन यांत गचा ह झाला. हा ह मराठी हसारखाच सघोष, त्यामुळे बिल्होरोद किंवा ह्राद म्हणताना मराठी माणसाला कसरत करावी लागत नाही.

तक्त्याचं बिंग इथं फुटतं. चेक आणि स्लोव्हाक पश्चिम शाखेच्या, पण ग्रा करण्यात त्या दक्षिणेच्या बाजूच्या, आणि ह म्हणण्यात पूर्वेकडच्या युक्रेनियनच्या. ‘यात’च्या बाबतीत पश्चिमेची पोलिश आणि दक्षिणेची बल्गेरियन यांचा सूर जुळतो. प्रत्येक बदल आपल्या वेगळ्या हद्दीपर्यंत पसरत गेला, शाखांना न विचारता. शाखा खऱ्या आहेत, पण दक्षिण आणि पश्चिम यांच्यातली ठळक फट भाषेनं पाडलेली नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस मग्यार लोक मध्य डॅन्यूबच्या मैदानात उतरले. पश्चिमेला जर्मन आणि पूर्वेला रोमेनियन भाषकांसह त्यांची पाचर बसली, आणि दोन्हीकडच्या स्लावांचा शेजार तुटला. त्या मैदानातही एक पांढरा गड आहेच: सेकेशफेहेरवार. यातलं फेहेर म्हणजे पांढरा आणि वार म्हणजे गड, दोन्ही हंगेरियन. क्रोएशियन माणूस त्याला अजून स्तोल्नी बिओग्राद म्हणतो.

नवशिक्याची फसगत ठरलेल्या जागी होते. रशियात व्होल्गोग्राद आणि कालिनिनग्राद कसे? तिथं तर गोरोद हवं. कारण असं, की बायझंटाइन मिशनरी सिरिल आणि मेथोडियस यांनी ८६३ च्या सुमारास घडवलेली धर्मभाषा ग्रीसमधल्या सलोनिकाकडच्या दक्षिणी बोलीवर उभी होती. ती धर्माबरोबर कीव्हला गेली आणि तिची रूपं रशियनमध्ये भारदस्त म्हणून मुरली, आपल्याकडच्या तत्सम शब्दांसारखी. म्हणून शहरात राहणारा तो गोरोझानिन, पण देशाचा नागरिक ग्राझ्दानिन. धडावरचं डोकं गोलोवा, पुस्तकातलं प्रकरण ग्लावा. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गचं पेत्रोग्राद केलं, तेव्हा झारच्या सरकारनं हाच वजनदार साचा घेतला, आणि पुढं सोव्हिएत सरकारनंही तो सोडला नाही.

आणखी एक खड्डा आहे. दिसला ‘रा’ की दक्षिणी, असं करू नये. काही शब्दांत तो मुळातलाच आहे. भावाला रशियन आणि पोलिशमध्ये ब्रात म्हणतात, आणि संस्कृतातल्या ‘भ्रातृ’मध्येही रा जिथल्या तिथं आहे. रशियनमध्ये तर नुसत्या ‘ग्राद’चा रोजचा अर्थ गारा. त्याचा तटबंदीशी काही संबंध नाही. युद्धाच्या बातम्यांत ‘ग्राद’ नावाचा रशियन रॉकेटमारा येतो, तोही शहरावरून नव्हे, गारांवरून.