अवर्स म्हणजे नेमकं कोणाचं?

बदल जेमतेम तीन ओळींचा होता. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या, टीमसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतली एक टीप नव्या सहकाऱ्याने काढून टाकली होती: 'रीबेस करताना अवर्स आणि थेअर्स उलटे वाटू शकतात.' त्या जागी त्याने लिहिलं होतं, 'अवर्स म्हणजे तुमची ब्रँच, थेअर्स म्हणजे समोरची.' ब्रँच म्हणजे कोडची वेगळी चाललेली शाखा. दोन ब्रँचनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की होतो तो कॉन्फ्लिक्ट, आणि त्यात कोणाची ओळ ठेवायची ते अवर्स किंवा थेअर्स म्हणून सांगता येतं.

वाचायला किती सुटसुटीत! डॉक्युमेंटेशनचा रिव्ह्यू मी बहुतेक वेळा चहा पिता पिता उरकते, हे कबूल करायला हवं. अप्रूव्ह करणारच होते, पण ते 'उलटे वाटू शकतात' डोक्यातून जाईना. असलं वाक्य हात पोळल्याशिवाय कोणी लिहीत नाही.

म्हणून एक रिकामी रेपो, म्हणजे गिटमधला नवा प्रकल्प, केली. एका फाइलमध्ये एकच शब्द, 'पांढरा'. मेन या मुख्य ब्रँचवर त्याचा 'निळा' केला, फीचर ब्रँचवर 'हिरवा'. फीचरवर उभं राहून मेन मर्ज केली, म्हणजे तिचे बदल आत घेतले, कॉन्फ्लिक्ट आला, 'गिट चेकआउट --अवर्स' दिलं. हिरवा. बरोबर. मर्ज रद्द करून तीच फीचर मेनवर रीबेस केली आणि पुन्हा तीच कमांड दिली. फाइल उघडली तर निळा!

नव्या सहकाऱ्याला कॉल लावला. "अगं, पण अवर्स म्हणजे आपलंच ना?" तो म्हणाला.

"आपलं नाही, आमचं. आणि बोलतंय कोण, तर हेड."

हे मलाही बोलता बोलताच सुचलं. हेड म्हणजे गिट त्या क्षणी कुठे उभं आहे ती खूण. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, मराठीत 'आपलं' म्हटलं की ऐकणाराही आत येतो. रीबेस आधी मेनच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, तिथे एकेक करून नव्याने लावतं. त्या घडीला हेड मेनच्या बाजूला असतो. तुमचं स्वतःचं काम त्याच्या लेखी बाहेरून आलेलं, म्हणजे थेअर्स. ही नवी ओळ वाचून कोणी ऐन कॉन्फ्लिक्टमध्ये --अवर्स दिलं असतं, तर त्याचाच बदल गळला असता. जुना कमिट रिफ्लॉगमध्ये, म्हणजे हेड कुठे कुठे होता त्या यादीत, सापडतो म्हणा, अशा नोंदी डिफॉल्टने ३० दिवस राहतात. पण काही हरवलंय हे आधी कळायला तर हवं!

मग मी उत्साहाच्या भरात सात ओळींचा परिच्छेद लिहून सुचवला. हेड, टोक, कमिट पुन्हा लावणं, सगळं त्यात होतं. त्याने तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "कॉन्फ्लिक्टमध्ये अडकलेला माणूस हे वाचेल?"

नाही वाचणार.

शेवटी त्यानेच लिहिलं: 'रीबेसमध्ये अवर्स म्हणजे ज्या ब्रँचवर रीबेस करताय ती. थेअर्स म्हणजे तुमचे कमिट. मर्जमध्ये याच्या उलट.' खाली माझा निळा-हिरवा तेवढा ठेवला. मी दोन्ही कमांड पुन्हा एकदा चालवून पाहिल्या, मग अप्रूव्ह केलं.