वडिलांच्या नावाचे बिल आणि छतावरची वीज

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी गेल्या वर्षी घराच्या स्लॅबवर तीन किलोवॉटचा सौर संच बसवला. उन्हाळ्यात दोन कूलर आणि बोअरची मोटर चालली की विजेचे बिल कापसाच्या हिशोबात खुपायचे, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत मी अर्ज केला. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे एकूण 78 हजार रुपये अनुदान मिळते. मात्र ते संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर बँक खात्यात जमा होते, त्यामुळे आधीची सोय आपल्यालाच करावी लागते.

माझी गाडी अडली ती पहिल्याच पायरीवर. वीजजोडणी वडिलांच्या नावावर होती आणि ते जाऊन सहा वर्षे झाली होती. अर्जदाराचे आणि बिलावरचे नाव जुळत नसल्याने अर्ज पुढे सरकेना. मृत्यू दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, भावाचे आणि बहिणीचे संमतिपत्र गोळा करून नावबदल करून घेण्यात दीड महिना गेला. अर्ज करण्याआधी बिलावरचे नाव पाहून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

जागा पाहायला आलेला कारागीर दुपारी चार वाजता मुद्दाम स्लॅबवर थांबला आणि अंगणातल्या कडुनिंबाची सावली पश्चिमेकडून कुठवर सरकते, तिथे त्याने खडूने रेघ ओढली. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज घटते, असे त्याने समजावले. झाड तोडण्याचा विषय निघताच आई म्हणाली, "तुह्या बाबानं लावलेलं हाय ते, त्याले हात लावू नको." शेवटी पॅनेल पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, दक्षिणेकडे तोंड करून बसवली.

पॅनेलमधल्या सिलिकॉनवर ऊन पडले की एकदिश वीज तयार होते; इन्व्हर्टर तिला घरात चालणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत बदलतो. घरात लागेल तेवढी वापरली जाते, उरलेली नेट मीटरमधून, म्हणजे येणारी आणि जाणारी अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, तारांवर जाते आणि रात्री आपण तिथूनच परत घेतो. दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. आमच्याकडचे मे महिन्याचे कडक ऊन सर्वाधिक वीज देईल, ही माझी समजूत मात्र खोटी ठरली, कारण पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि ती तापत गेली की उत्पादन घटत जाते.

दुसरा गैरसमज आईचा होता. लाईन गेली तरी आपले दिवे चालू राहतील असे तिला वाटत होते. पण बॅटरी नसलेला संच लाईन जाताच बंद होतो, आणि तो व्हायलाच हवा; नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरची वीज धक्का देईल.

नेट मीटर यायला पाच आठवडे लागले. तोवर पॅनेल छतावर नुसतीच उभी होती आणि मी रोज त्यांच्याकडे बघत होतो.

आता तुरीच्या मळणीच्या दिवसांत भुसा काचेवर बसतो, म्हणून दर आठवड्याला, काच तापण्याआधी, पहाटे साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसून घेतो. पहिले बिल माझ्या नावाने आले. त्यात वापराची रक्कम जवळजवळ नव्हतीच, पण स्थिर आकार होता, आणि तो दर महिन्याला भरावाच लागतो.