टायट्रेशन, फनेल आणि सहा मिनिटांचा व्हिडिओ

तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला केमिस्ट्री शिकवते. २०२१ साली यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ब्लेंडेड लर्निंगचं, म्हणजे काही ऑनलाइन आणि काही वर्गात अशा शिकवण्याचं टिपण आलं. विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेता येईल, असं त्यात होतं. आमच्याकडे त्याचा सरळ अर्थ लागला: पीपीटी ग्रुपवर टाकल्या की झालं ब्लेंडेड!

मी त्याहून शहाणी असल्याच्या थाटात टायट्रेशनवर, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब टाकून दुसरं किती तीव्र आहे ते मोजण्याच्या प्रयोगावर, ३८ मिनिटांचा व्हिडिओ केला, मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर चढवला. वीसच्या बॅचमध्ये चौघांनी उघडला. शेवटपर्यंत एकीनेच पाहिला, तीही म्हणाली, "मॅडम, दीडच्या स्पीडवर लावला होता."

पण खरी चूक व्हिडिओत नव्हती. न पाहिलेल्यांसाठी मी प्रॅक्टिकलला तेच सगळं पुन्हा फळ्यावर सांगत होते. मग व्हिडिओ पाहणारा येडाच ठरणार ना!

पुढे आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी मांडलेली एलसीएम (लर्नर-सेंट्रिक मूक) ही विद्यार्थीकेंद्री ऑनलाइन कोर्सची पद्धत वाचली. त्यातली एक गोष्ट मी सरळ उचलली: व्हिडिओ मध्येच थांबवायचा, प्रश्न टाकायचा, उत्तर वहीत लिहायला लावायचं आणि मगच पुढे जायचं. नवा व्हिडिओ सहा मिनिटांचा केला, मुद्दाम चुका करून. ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडायच्या खुणा केलेल्या उभ्या नळीच्या, टोकाशी हवेचा बुडबुडा तसाच ठेवला. वरचं फनेल (नरसाळं) काढायला 'विसरले'. मग थांबून विचारलं, बुडबुडा मध्येच निघून गेला तर रीडिंग जास्त येईल की कमी? आणि फनेलमधून थेंब ब्युरेटमध्ये पडत राहिले तर?

त्या दिवशी लॅबमध्ये मी फळ्याला हात लावला नाही. वह्या उघडायला सांगितल्या. अर्ध्या बॅचने दोन्हीकडे 'जास्त' लिहिलेलं. एक मुलगा उठला, ब्युरेट भरली, फनेल तसंच ठेवून पाहिलं. "पातळी वर चढतेय की, म्हणजे रीडिंग कमी येणार!" बुडबुड्याचं उलट, हे मग त्यांचं त्यांनाच सुचलं. वाद अर्धा तास चालला. पूर्वी याच वेळात मी 'लोअर मेनिस्कस वाचा' (द्रावणाच्या वक्र पातळीचा खालचा बिंदू पाहा) हे पंधराव्यांदा सांगत असायचे. फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या सूचकाचा फिकट गुलाबी रंग, म्हणजे थांबायची खूण, सोडून गडद जांभळट गुलाबीपर्यंत जाणारे तरीही होतेच. ते डोळ्यांना सवय झाल्याशिवाय जमत नाही, कुठल्याही व्हिडिओने नाही.

अडचण आली ती फोनची. चार मुलींकडे स्वतःचा फोन नव्हता. घरातला फोन वडिलांबरोबर कामावर. त्यांच्यासाठी डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ ठेवला आणि प्रॅक्टिकलआधी अर्धा तास खोली उघडी ठेवली. दोन आठवड्यांत तिथे फोनवाली मुलंही येऊन बसायला लागली. एकट्याने पाहण्यापेक्षा भांडत पाहणं त्यांना बरं वाटत होतं. हे मी काही ठरवून केलं नव्हतं.

व्हिडिओ न पाहताच आलेल्यांना मी आता पुन्हा शिकवत नाही. त्यांनी आधी त्या खोलीत जायचं, मग ब्युरेट हातात घ्यायची. पहिल्या महिन्यात यावरून कुरकुर झाली, एका पालकांचा फोनही आला.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. सहा मिनिटांच्या त्या व्हिडिओला माझे दोन रविवार गेले. वर्कलोडच्या तक्त्यात लेक्चर आहे, प्रॅक्टिकल आहे, या कामाला रकानाच नाही. एचओडी (विभागप्रमुख) सरांना विचारलं तर म्हणाले, "'इतर'मध्ये लिहा."