मेलवर ‘हो’ म्हटलंय कुणी?

नोकरीच्या अटी मेलामेलीत बदलतात का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, “त्या मेलमध्ये ‘हो’ कुणी म्हटलंय, ते दाखव.” मी वकील नाही. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या पर्सनल खात्यात माझी सारी नोकरी झाली, तेवढीच शिदोरी.

परवा भाचा दांडिया बाजारात आमच्या घरी आला तो पेढे घेऊनच. पुण्याच्या कंपनीची ऑफर होती, नोटीस पिरियड ९० दिवसांचा. त्याने मेलवर ३० दिवस मागितले होते. “मावशी, केलं ना मान्य!” फोनवर उत्तर दाखवलं: “नोटेड. आम्ही यावर विचार करू.” अरे बाबा, पत्रिका घेऊन ‘कळवतो’ म्हणणाऱ्यांनी कधी होकार कळवलाय का? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ सांगतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. ‘विचार करू’ हा स्वीकार नव्हे.

बरं, समजा स्पष्ट ‘हो’ आलं असतं. मग मेलला नक्कीच वजन आहे. आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ म्हणतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार बाद ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टाने मेलवर ठरलेला सौदा पक्का धरला होता, रीतसर करारपत्रावर सह्या व्हायच्या बाकी असताना. तो व्यवहार बॉक्साइटचा होता, नोकरीचा नाही. पण तत्त्व कळतं.

खरी मेख पुढे असते. मेलवर बोलणी होतात आणि मग अपॉइंटमेंट लेटर येतं ते जुन्याच साच्यातून छापून: नोटीस ९० दिवस. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, ‘या पत्रापूर्वीची सर्व बोलणी व पत्रव्यवहार रद्द समजावा.’ पोरं पगाराचा आकडा बघतात आणि सही ठोकतात. त्या सहीनंतर आधीचा गोड मेल दाखवून भांडणं फार अवघड. म्हणून भाच्याला म्हटलं, सही थांबव आणि दोनच ओळी लिही: ‘मी मेलवर मागितलेले ३० दिवस पत्रात घालून द्यावेत, मग सही करतो.’ खूप घासाघीस होऊन ६० दिवसांचं सुधारित पान आलं. पेढ्यांचा डबा तोवर रिकामा झाला होता.

रुजू झाल्यावरही अटी बदलता येतात. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोघांची संमती हवी. पण साहेबाने मेल केला, ‘आठवड्यातून तीन दिवस घरून कर’, तर ते ठरवायचा अधिकार त्याला आहे का? बहुतेक पत्रांत अधिकृत सहीशिवाय बदल ग्राह्य नाही, असं लिहिलेलं असतं. साहेब बदलला की नवा विचारतो, “कुठलं पत्र?”

आणि पुरावा. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी कंपनीचा मेलबॉक्स बंद होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात मेलच्या प्रतीसोबत प्रमाणपत्रही लागतं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. कंपनीची सगळी मेल उचलून घरी पाठवू नका, ते अंगाशी येईल. स्वतःच्या अटींबद्दलचं पत्र मात्र एचआरकडूनच आपल्या खासगी पत्त्यावर मागून घ्या.