सासूबाईंच्या फोनवरची विजेट काढताना

सासूबाईंच्या वॉलपेपरला आमच्या लेकीचा फोटो आहे, गणपतीतला, परकर-पोलक्यातला. मागच्या महिन्यात त्यांचा साताऱ्याहून फोन, "अगं पोरीच्या तोंडावर ढग आलाय, पुसला तरी जात नाही." मला आधी कळेचना, मग लक्षात आलं की हवामानाचं विजेट, म्हणजे ॲपमधली माहिती होम स्क्रीनवरच दाखवणारा तो चौकोन, बरोब्बर चेहऱ्यावर बसलंय.

म्हटलं दोन मिनिटांचं काम, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन शेअर करायला सांगितली (ह्यातच पंधरा मिनिटं गेली) आणि म्हटलं, "आई, त्या ढगावर बोट दाबून धरा." त्यांनी दाबलं, हवामानाचं ॲप उघडलं. परत दाबलं, परत उघडलं. "अगं दाबतेय की, अजून किती जोरात दाबू, काच फुटेल!" तेव्हा ट्यूब पेटली, आपण "दाबून धरा" म्हणतो आणि समोरच्याला जोर ऐकू येतो. जोर नकोच असतो, बोट हलकं टेकवून अर्धा-एक सेकंद तसंच ठेवायचं असतं. हे समजावल्यावर त्यांनी अगदी बरोबर केलं, तरी काहीच होईना. नुसती खाली एक इंग्रजी ओळ यायची आणि मी वाचेपर्यंत गायब. शेवटी म्हटलं राहू दे, शनिवारी येतेच आहे.

शनिवारी फोन हातात घेतला आणि बघतच राहिले. मोठ्ठं घड्याळ, खाली ढग, त्याखाली सर्चची पट्टी, आणि एक लाल गोल ज्यात ७८% लिहिलेलं. तो कसल्याशा क्लीनर ॲपचा होता. सासूबाई रोज सकाळी तो दाबायच्या, "फोन भरतो ना", आणि दाबला की आधी जाहिरात. मेमरी अँड्रॉइड स्वतःच सांभाळतं हो, त्याला रोज झाडू मारावा लागत नाही.

आता ती खालची ओळ. चार वेळा दाबल्यावर एकदाची वाचता आली, होम स्क्रीनचा लेआउट लॉक आहे म्हणे. केला कुणी? तर आमच्या ह्यांनीच! आपला जुना फोन आईला देताना केलेला, कारण आधीच्या फोनवर त्यांच्या हातून व्हॉट्सॲपचा आयकॉन सारखा उडायचा. आणि हे स्वतः साफ विसरलेले. सेटिंगमध्ये होम स्क्रीन म्हणून आहे, तिथे जाऊन लॉकचं बटण बंद केलं आणि मग सगळं लोण्यासारखं. ढगावर बोट टेकवून ठेवलं, रिमूव्ह आलं, गेला ढग. घड्याळ गेलं, पट्टी गेली (माझ्या स्वतःच्या फोनवर ती पट्टी काही केल्या निघत नाही, लाँचरमध्येच, म्हणजे होम स्क्रीन चालवणाऱ्या ॲपमध्येच, चिकटवलेली आहे, सासूबाईंच्या फोनवर सुटं विजेट होतं म्हणून निघाली).

सासूबाई शेजारी बसून, "अगं हवामान कायमचं गेलं का?" नाही गेलं. विजेट म्हणजे नुसती खिडकी, ती काढली तरी ॲप आत असतंच. भीती बाळगायची ती आयकॉन हलवताना, तिथे बऱ्याच फोनवर रिमूव्ह आणि अनइन्स्टॉल शेजारी शेजारी येतात आणि बोट इकडचं तिकडे झालं की ॲपच साफ. क्लीनर मात्र मी मुद्दाम अनइन्स्टॉलच केला, नुसता लाल गोल काढून भागलं नसतं. आणि डावीकडच्या पानावर गेलं की ज्या बातम्या यायच्या ते विजेट नव्हतंच, ते वेगळं पान, त्याचंही बटण त्याच होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये सापडलं, बंद केलं.

हात सुरू झाला होता म्हणून दुसऱ्या पानावरचंही एक बारीक अक्षरांचं काहीतरी उडवून टाकलं. स्क्रीन स्वच्छ, लेक हसतेय, मी खूश. लॉक परत लावला (हे विसरू नका, नाहीतर आठवड्यात सगळं मूळपदावर).

सहा-साडेसहाला सासूबाई चष्मा लावून फोन चाळतायत. "अगं, माझं पंचांग कुठंय?" झालं! ते बारीक अक्षरांचं म्हणजे पंचांगाचं विजेट होतं आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी, त्यांना चंद्रोदय बघायचा होता. मी निमूटपणे लॉक काढला, रिकाम्या जागेवर बोट ठेवून विजेट्सची यादी उघडली, पंचांगाचं शोधून ओढून आणलं. ठेवू लागले तर, "पहिल्याच पानावर ठेव, पण पोरीच्या डोक्यावर नको, पायाशी ठेव." मग कडा ओढून लांब आणि बुटकं केलं, परकराच्या काठाखाली बरोबर बसलं.

चंद्रोदय ९.४२. वाचून म्हणाल्या, "अजून तीन तास आहेत, चहा टाक."