सडा, ऊन आणि कार्बनची सायकल: ताम्हिणीतून रत्नागिरीपर्यंत

शिमगा आटोपला की कोकणातली गर्दी ओसरते, शाळांच्या परीक्षा सुरू असतात आणि रस्ते मोकळे मिळतात. म्हणून सायकलवरून जायला आम्ही दोघांनी मार्चअखेर निवडला. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून बोटीनं वेश्वीला. पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ. पुन्हा बोट, मग धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ. तिसऱ्या बोटीनं जयगड आणि शेवटी गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी. या वाटेवरच्या खानावळी आणि किनाऱ्यांबद्दल खूप लिहिलं गेलंय. मी लिहितोय ते उन्हाबद्दल, कारण निघण्यापूर्वी जो भेटेल तो एकच विचारत होता: एवढ्या उन्हात कार्बनच्या, म्हणजे कार्बन फायबरची फ्रेम असलेल्या सायकलचं काय होणार?

कार्बनच्या धाग्याला ऊन काही करत नाही. धागे एकमेकांना धरून ठेवणारं एपॉक्सी रेझिन मात्र अतिनील किरणांना कच्चं असतं. उघडं पडलेलं रेझिन आधी पिवळं होतं, मग निस्तेज, मग हात फिरवला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. हे बरंचसं वरच्या थरातच घडतं, कारण किरण फार खोल जातच नाहीत. फ्रेमवर जो पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो याचसाठी. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. बोइंग ७८७ विमानाचं वजनानं निम्मं शरीर कॉम्पोझिटचं, म्हणजे अशाच धागे आणि रेझिनच्या मिश्रणाचं आहे आणि ते तेहतीस-चाळीस हजार फुटांवरच्या उन्हात वर्षानुवर्षं उडतं, तेही रंगाच्या थराखाली. तेव्हा उन्हात सायकल चालवायला घाबरू नका. जपायचं आहे ते लॅकर, आणि त्याचं नुकसान चालवताना कमी आणि उभ्या सायकलवर जास्त होतं.

उष्णतेचाही हिशोब सांगतो. भर उन्हात उभी असलेली काळी मॅट फ्रेम ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, हात ठेववत नाही. चांगल्या फ्रेमचं रेझिन साधारण १०० अंशांच्या वर कुठेतरी मऊ पडायला लागतं. म्हणजे नुसत्या उन्हानं फ्रेम वाकत नाही. रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेकचे पॅड थेट रिमवर घासतात अशी कार्बन चाकं हे मात्र वेगळं प्रकरण. माझ्या सोबत्याची सायकल तशीच आहे. ताम्हिणी उतरताना तो ब्रेक धरून ठेवत नव्हता, वेग वाढला की थोडा वेळ जोरात दाबायचा आणि सोडायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून. घासून तापलेली रिम उन्हाच्या कितीतरी पुढे जाते. अशी चाकं असतील तर घाट सकाळच्या गारव्यातच उतरा, आणि ब्रेकचे पॅड कार्बन रिमसाठीचेच हवेत.

वेळापत्रक आम्ही उन्हावर बेतलं होतं. उजाडता निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, चारनंतर पुन्हा पॅडल मारायचं. कोकण पट्टीत मार्चअखेर सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्याशी येतो आणि निरभ्र आकाश असेल तर तेव्हा अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे, म्हणजे अतितीव्र पातळीला जातो. मधल्या पाच तासांत माणसानं आणि सायकलनं, दोघांनीही आडोशाला असावं. गुहागर ते तवसाळ आणि जयगडच्या पुढे जे सडे लागतात, तिथे हा नियम पाळाच. सड्यावर नुसता काळा कातळ, खुरटं गवत आणि मैलभरात एखादं झाड. आरे-वारेचा रस्ता डोळ्यांचं पारणं फेडतो, पण तिथेही सावली नाही. तो सकाळी सातला करा.

सावली म्हटली की कोकणात पहिली नजर जाते माडाकडे. गुहागरला पोचल्यावर आम्ही सायकली वाडीत माडाला टेकवणार, तेवढ्यात घरच्या काकू ओटीवरून म्हणाल्या, “अहो, तिथे नका ठेवू. नारळ पडला तर? झावळसुद्धा काय हलकी नसते. पडवीत घ्या आत, मी चटई बाजूला करते.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कार्बनची नळी चालवतानाच्या ताणाला भक्कम असते, पण वरून पडलेल्या नारळाचा घाव ती सोसत नाही, आणि चीर आत गेली तर बाहेरून दिसेलच असं नाही. आंब्याखालीही नको. त्या दिवसांत झाडं फळांनी लदलेली असतात आणि देठाचा चीक टपकत राहतो. आंब्याचा चीक कातडी भाजतो, उन्हात वाळला तर लॅकरवर डाग धरतो. काजूच्या बोंडांचंही तेच. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच ओल्या फडक्यानं काढा, तापल्यावर ती लॅकर खाते. चिंच, फणस, कौलारू पडवी, देवळाचा सभामंडप या खऱ्या सावल्या. देवळात मात्र आधी गुरवांना विचारून मगच सायकल आत न्या, नाही कुणी म्हणत नाही.

किनाऱ्यावर छत्रीखाली ठेवली म्हणजे काम झालं असंही नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. हर्ण्याला जेवणाच्या वेळी आम्ही सायकलींवर पांढरी सुती चादर टाकली, जुनी, धुऊन मऊ झालेली. निळी ताडपत्री किंवा काळं प्लॅस्टिक टाकू नका. आत वाफ कोंडते, खारट ओल सुकत नाही. वारा असेल तर चादर दोन ठिकाणी बांधा, नाहीतर ती फडफडत राहते आणि खालची धूळ फ्रेमवर घासत राहते.

धुळीकडे दुर्लक्ष करू नका. जांभ्याची लाल धूळ दिसते पिठासारखी, पण आत बारीक कठीण कण असतात. कोरड्या फडक्यानं पुसलं की लॅकरवर जाळीदार ओरखडे उठतात. आम्ही रोज संध्याकाळी फ्रेम गार झाल्यावर आधी नुसतं पाणी ओतायचो, मग सौम्य शाम्पूचं पाणी आणि स्पंज, शेवटी मऊ फडकं. तापलेल्या फ्रेमवर बोअरचं जड पाणी टाकलं तर ते जागच्या जागी वाळून पांढरे ठिपके सोडतं. बोटीवर उडालेलं खारं पाणीही त्याच दिवशी धुवायला हवं. कार्बनला मिठाचं काही नाही, पण कार्बन आणि अॅल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे खाऱ्या पाण्यामुळे अॅल्युमिनियम गंजतं: बाटलीच्या स्टँडचे स्क्रू, स्पोकच्या निपल, सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) पट्टा. सीटपोस्ट काढून पुसा आणि कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा लेप) लावून परत घाला.

केळशीच्या आधी एका उतारावर पुढून गेलेल्या डंपरनं खडी उडवली आणि माझ्या डाऊनट्यूबचा (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीचा) टवका उडाला. ज्वारीच्या दाण्याएवढा. नखानं चाचपलं, दाबून पाहिलं, भोवती नाणं वाजवत गेलो. आवाज सगळीकडे सारखाच टणक होता, धागा तुटलेला नव्हता, फक्त लॅकर गेलं होतं. तरी ती जागा आता ऊन आणि पाण्याला उघडी झाली. जागा पुसली, सुकू दिली आणि पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात दिले, पहिला वाळल्यावर दुसरा. घरी येईपर्यंत एवढं पुरतं. नाण्याचा आवाज एखाद्या जागी बसका आला, किंवा दाबल्यावर किंचित हललं, तर पुढे चालवू नका. सायकल गाडीत घाला आणि जाणकाराकडून अल्ट्रासाउंडनं तपासून घ्या.

निघण्यापूर्वी करायच्या गोष्टींत माझ्या मते पैसे वसूल करणारी एकच: पीपीएफ. मोटारींना लावतात तीच पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. डाऊनट्यूबची खालची बाजू, चेनस्टे (चेनशेजारची मागची नळी) आणि टॉपट्यूब (वरची आडवी नळी) एवढ्यांवर जरूर लावा. मोटारीचं डिटेलिंग करणारे उरलेल्या तुकड्यांतून लावून देतात. स्वस्तातली विनाइलची फिल्म घेऊ नका, ती स्वतःच उन्हात पिवळी पडते आणि काढताना गोंद मागे ठेवते. बाकी भागाला अतिनील किरण अडवणारं स्प्रे वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग पुरे. मॅट फ्रेमला चकचकीत करणारं पॉलिश लावलंत तर ती कायमची ठिपकेदार होईल, मॅटसाठीचंच घ्या. आणि सनस्क्रीन लावलेले हात पुसूनच फ्रेमला लावा. काही सनस्क्रीनमधली द्रव्यं लॅकरला धरतात. डीट असलेलं डासांचं औषध त्याहून वाईट, रंग आणि प्लॅस्टिक मऊ करतं.

टायरचा विचार अनेकजण विसरतात. सकाळी २५ अंशांना ८० पीएसआय भरलेला टायर ५५ अंशांना ९० च्या आसपास जातो. सायकल दुपारी उन्हात उभी राहणारच असेल, तर थोडी हवा आधीच कमी ठेवा. ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट कोकणातल्या उन्हाळ्यात लवकर आटतं, निघण्यापूर्वी नवं भरा.

परतीला आम्ही रत्नागिरीहून जीप केली. बंद गाडीत उष्णता बाहेरपेक्षा भयंकर असते. बाजूच्या साध्या काचेतून अतिनीलमधले यूव्हीए किरण बऱ्यापैकी आत येतात आणि आतलं तापमान साठीच्या वर जातं. त्यामुळे जेवायला थांबलो तेव्हा खिडकीकडच्या फ्रेमवर तीच चादर टाकली, हेल्मेट डॅशबोर्डवरून खाली घेतलं, आणि टायरमध्ये हवा भरायची सीओटूची कार्ट्रिज, पॉवर बँक, इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी पिशवीत घालून बरोबर नेली. कार्ट्रिजची मर्यादा ५० अंशांच्या आसपासच असते.

पुण्यात सायकली उभ्या असतात त्या बाल्कनीत, आणि खरं सांगायचं तर वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन त्या तिथेच खातात. पश्चिमेच्या बाल्कनीत रोज तीन तास ऊन म्हणजे कोकणातल्या अशा कितीतरी फेऱ्या. लॅकर दुधाळ दिसायला लागलं, कडांना पापुद्रे सुटले, की एकाच बाजूला आधी दिसतं का पाहा. उन्हाकडची बाजू असते ती. तेवढ्यावर असेल तर घासून पुन्हा क्लिअर कोट मारता येतो, फक्त ते काम कार्बनचा अनुभव असलेल्याकडूनच करून घ्या. जोरात घासलं तर लॅकरबरोबर धागाही जातो.

मे महिन्यात जायचंच असेल, तर सुरुवात आणखी लवकर करा आणि दाभोळची बोट सकाळची धरा. त्या महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, भिंतीचीही सावली पडत नाही.