जत्रेच्या नाटकात हशा का पडतो, का हुकतो

"आमचे सासरे कडक सोमवार पाळतात, रात्री बारापर्यंत." गोव्यात यावर हशा पडतो, कारण बारानंतर ताटात काय येणार हे प्रेक्षक स्वतःच ओळखतो. "रात्री बारापर्यंत सासरे सोमवार पाळतात" म्हटलं की गंमत गेली. गुपित आधीच फुटलं. हसवणारा शब्द शेवटीच हवा, आणि त्याआधी अर्धा श्वास थांबायचं. त्या शब्दावर हातवारे नकोत, मान वळवणं तर नकोच: टांगलेल्या माइकपासून तोंड फिरलं की नेमका तोच शब्द मंडपात पोचत नाही.

हशा चढतो, टोक गाठतो, उतरतो. पुढचं वाक्य उतारावर टाकायचं. टोकावर बोललात तर ऐकू येत नाही, पूर्ण शांततेची वाट पाहिलीत तर प्रवेश थंड पडतो. हौशी नट बहुधा पहिली चूक करतात, पाठांतर विसरायच्या भीतीने.

हसू शेजाऱ्याकडून लागतं. पुढच्या मानाच्या खुर्च्या रिकाम्या असतील तर पडदा उघडण्याआधी मागच्यांना तिथे बसवा. मानकरी रागावले तरी चालेल.

दशावतारी काल्यातला, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी खेळातला, संकासुर पाहा. वेद चोरणारा राक्षस, पण बोलतो गावच्या बोलीत. त्याला भारदस्त आवाज दिला की फक्त राक्षस उरतो.